सातवी मूठ

शनिवारी दुपारी तीन वाजता कमलबाईंनी सुपात सहावी मूठ टाकली आणि त्या थांबल्या नाहीत.

कानबाई ही खानदेशात श्रावणात घरोघरी बसणारी देवी, आणि रोट म्हणजे तिच्या प्रसादाच्या गव्हाच्या जाड पोळ्या. त्या रोटांचे गहू मोजायची पद्धत पाटलांच्या घरात उखर्डूआबांच्याही, म्हणजे कमलबाईंच्या नवऱ्याच्याही, आधीपासून एकच आहे. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी. मोजायचं घरातल्या वडीलधाऱ्या बाईने, प्रत्येकाचं नाव मोठ्याने घेऊन. बाकीच्यांनी ऐकायचं, मधे बोलायचं नाही. प्रेमराज, एक. हिलाल, दोन. योगेंद्र, तीन. हिलालची दोन पोरं, अभिमन आणि भटू, सुरतेहून आलेली नव्हती, पण मूठ गैरहजेरी धरत नाही, चार, पाच. योगेंद्रचा सात महिन्यांचा मुलगा, ज्याला अजून दात नव्हते, त्याचीही सव्वा मूठ, सहा.

मग कमलबाईंनी नाव न घेताच आणखी सव्वा मूठ टाकली आणि हात झटकले.

प्रेमराजचं लक्ष नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला स्टॅम्प पेपर होता. पिंप्राळा गेटजवळचं 'उखर्डू रेडिओ अँड टीव्ही' हे दुकान सोमवारी, कानबाईचं विसर्जन झालं की, पुना शेठच्या ताब्यात जाणार होतं. पुना शेठ तिथे आपलं चहाचं आणखी एक दुकान टाकणार होता. त्याच्या मते या मंदीत जळगावात दोनच धंदे धडधाकट होते, चहा आणि रिचार्ज, आणि रिचार्जमध्ये बसायला जागा लागत नाही. दुकान आबांनी प्रेमराज, हिलाल आणि योगेंद्र या तिघा मुलांच्या नावावर ठेवलं होतं, म्हणून सह्या तीन लागणार होत्या, आणि तिघे एका छताखाली यायचे ते वर्षातून एकदा, कानबाईला.

कोणीही विरोध केला नव्हता. मे महिन्यात प्रेमराजने भावांना फोन केला तेव्हा दोघांनीही एकच प्रश्न विचारला होता, वहिनी काय म्हणते. वहिनी हो म्हणते, असं त्याने सांगितलं. मग दोघांनीही, वहिनीच हो म्हणतात तर आम्ही कोण, असं म्हणून फोन ठेवला होता. इतक्या पटकन ठेवला होता की प्रेमराज बराच वेळ रिसीव्हर नसलेला मोबाइल कानाला लावून बसला. एक्केचाळीस वर्षांच्या दुकानाबद्दल कोणीतरी निदान एकदा 'कशाला?' म्हणेल, एवढीच त्याची अपेक्षा होती.

"माय, मुठी सात झाल्या," मंदाबाई म्हणाली. ही हिलालची बायको, धुळ्याची. तिला मोजणीत चूक दिसली की अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं.

"सातच शेतस," कमलबाई म्हणाल्या.

"घरात पुरुष सहा."

"सात."

रत्नाने, म्हणजे प्रेमराजच्या बायकोने, पदर कानावर ओढून घेत मान हलवली. ती हल्ली प्रत्येक गोष्टीवर मान हलवायची. घरात तिचं त्याबद्दल कौतुक होतं.

मंदाबाईने बोटांवर पुन्हा नावं मोजली. हिलालनेही मोजली. योगेंद्रने कडेवरच्या मुलाला एक धरून मोजली आणि नंतर दोन धरूनही मोजून पाहिली, तरी सात होईनात. शेवटी हिलालने विचारलं, माय, सातवी कोणाची.

"मेघानी खोलीमा जो ऱ्हास, त्यानी."

मेघा ही प्रेमराज-रत्नाची एकुलती एक मुलगी. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं. तिच्या खोलीत जो राहतो, तो, हे वाक्य ओसरीत पडलं आणि तिथेच बसून राहिलं.

*

कमलबाईंच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

त्यांची खाट मेघाच्या खोलीच्या भिंतीला लागून होती. पुण्याच्या कंपनीने मेघाला 'सध्या घरूनच थांब' असं सांगितल्यावर ती फेब्रुवारीत पिंप्राळ्याला आली, आणि मार्चपासून त्या खोलीत एक पुरुष बोलू लागला. आवाज चांगला होता. दारूचा नव्हता. सकाळी तो तिला नमस्कार करायचा, दुपारी ती काहीतरी विचारायची आणि तो न चिडता उत्तर द्यायचा. एकच गोष्ट तिने तीनदा विचारली तरी तो चौथ्यांदाही त्याच आवाजात सांगायचा. कमलबाईंनी असा पुरुष पाहिला नव्हता. पोरीने परस्पर लग्न उरकून माणूस घरात आणला असणार आणि तो लाजाळू असणार, म्हणून बाहेर येत नसणार, असं त्यांनी ठरवलं. जेवत काय असेल, याची त्यांना काळजी होती. एकदा त्यांनी दाराशी भाकरी ठेवली होती. ती मेघाने खाल्ली.

"माले कोनी सांगं नही, मी भी इचारं नही," त्या म्हणाल्या. "पोरगी सुखमा शे, बस. रोज सकाये सांगस तिले, आज पाऊस येई का नही. तुम्हना बापनी माले चाळीस वरीसमा एकदाव भी पाऊस सांगा नही."

आता एखाद्या घरात आरडाओरडा झाला असता. पाटलांच्या घरात आधी नियमाचा प्रश्न निघाला. हिलालचं म्हणणं पडलं की जावयाची मूठ घेताच येत नाही, कारण जावई भाऊबंद नव्हे, आणि रोट भाऊबंदांबाहेर गेला तर कानबाई कोपते. त्यावर योगेंद्र म्हणाला की सहा महिने याच घरात राहतोय म्हणजे तो घरजावई धरायचा, आणि घरजावयाचं काय करायचं याबद्दल पहूरला त्याच्या शेजाऱ्यांकडे एक दाखला आहे. मंदाबाईने विचारलं की त्या दाखल्यात जावयाला निदान कोणी पाहिलं होतं का. दहा मिनिटं हे चाललं. मुलीच्या खोलीत माणूस आहे, या मुद्द्यावर कोणी आलंच नाही. फक्त प्रेमराज उठला होता आणि मेघाच्या दाराकडे बघत उभा होता, आणि त्याच्या कपाळावरची शीर मोजता येईल इतकी वर आली होती.

दार उघडून मेघाच बाहेर आली. ती हेडफोन लावून कंपनीच्या मीटिंगमध्ये बसली होती. मीटिंगचा विषय होता, काम नसताना उत्साह कसा टिकवावा.

"तुझ्या खोलीत कोण राहतो?" प्रेमराजने विचारलं.

मेघाने सगळ्यांकडे पाहिलं, मग सुपाकडे पाहिलं. मोठ्या मायने, म्हणजे आजीने, काय केलंय ते तिला एका क्षणात कळलं, कारण भाकरीचं कोडं तिला तेव्हा सुटलं नव्हतं आणि ते आता सुटलं. ती आत गेली आणि लाडवाच्या डब्याएवढा एक काळा गोल डबा घेऊन आली. तो तिने सुपाशेजारी ठेवला, ओसरीतल्या बोर्डात वायर लावली आणि उद्याचं हवामान विचारलं.

डब्याने पुरुषी आवाजात, शुद्ध हिंदीत सांगितलं की उद्या जळगावात हलका पाऊस अपेक्षित आहे.

"हाऊच तो," कमलबाई म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

मेघाला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. पगार निम्म्यावर आला त्या आठवड्यात तिने तो डबा मागवला होता. निम्म्या पगारात पुरणार तर काहीच नव्हतं. मग जे पुरणारच नाही त्यातून निदान उत्तर देणारं काहीतरी घ्यावं, असं तिला वाटलं होतं. हे वडिलांना समजावून सांगण्याचं वाक्य ती मनात जुळवत होती, तेवढ्यात वडिलांनी विचारलं, "कुठून घेतलास?"

"ऑनलाइन."

"बापाचं दुकान पाचशे पावलांवर आहे."

प्रेमराजच्या कपाळावरची शीर खाली बसली, आणि त्याऐवजी त्याचा सगळा चेहराच खाली बसला. ओसरीतल्या सगळ्यांना त्या क्षणी वाटलं की खोलीत माणूस निघाला असता तर बरं झालं असतं.

*

मंदाबाईला त्याच वेळी घाम फुटला होता, आणि त्याचं कारण ती सोडून फक्त हिलालला ठाऊक होतं.

तिने विषय बदलावा म्हणून सुचवलं की सातवी मूठ काढून घ्यावी, चूक ती चूक. कमलबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने पुढे केलेला हात परत घेतला. कानबाईच्या नावाने पडलेलं धान्य मागे घेत नाहीत. शिवाय, कमलबाईंचा पुढचा मुद्दा असा होता की तो घरात राहतो, बोलतो, पाऊस सांगतो, तर त्याची मूठ बरोबरच आहे. तो जेवत नाही, असं योगेंद्रने सांगून पाहिलं.

"लाइट खास ना," कमलबाई म्हणाल्या.

वीज खाणं हेही खाणंच, असं ठरवून कमलबाई आणखी एक पाऊल पुढे गेल्या. एकाची मूठ पडली आणि बाकीच्यांची राहिली, तर कानबाईच्या दारी पंक्तिभेद होईल. तेव्हा ज्यांच्या ज्यांच्या घरात असं कोणी नवीन आलं असेल त्यांनी आताच सांगावं. "कानबाई येई ऱ्हायनी उद्या," त्या म्हणाल्या. "तिन्हापाशी लपाडानं नही."

हिलालने घसा खाकरला. धुळ्याचं कापसाचं जिनिंग, जिथे तो सुपरवायझर होता, गेल्या हंगामात पाच महिन्यांऐवजी सात आठवडे चाललं होतं, आणि प्रत्येक फोनवर त्याने भावाला हे सांगितलं होतं. आता त्याने सांगितलं की त्याच्याकडे पंचावन्न इंची टीव्ही आहे.

प्रेमराजने शांतपणे विचारलं की तो जूनमध्ये धुळ्याला आला होता तेव्हा टीव्ही कुठे होता.

"भिंतीवर," हिलाल म्हणाला.

मंदाबाईला राहवलं नाही. तिने सगळंच सांगून टाकलं. भाऊ गल्लीच्या तोंडाशी आल्याचं कळल्यावर तिने टीव्हीवर चादर टाकली, चादरीवर कॅलेंडर अडकवलं आणि भिंतीला ओल आली आहे असं सांगितलं. प्रेमराजला ते आठवलं. त्या ओलीसमोर बसून त्याने दोन कप चहा घेतला होता. ओल इतकी चौकोनी कशी, असं त्याला वाटून गेलं होतं, पण भावाचे दिवस वाईट आहेत म्हणून तो बोलला नव्हता. उलट जळगावला परतल्यावर त्याने ओलीवर लावायच्या रंगाचा डबा एसटी पार्सलने पाठवला होता.

"डबा जपून ठेवला आहे," मंदाबाई म्हणाली.

कमलबाईंनी आठवी मूठ टाकली.

योगेंद्रची गोष्ट लहान होती, पण ती सांगायला त्याने जास्त वेळ घेतला. एमआयडीसीतल्या त्याच्या चटईच्या कारखान्यात तीन पाळ्यांची एक पाळी झाली होती. पहूरची दोन एकरं परवडत नाहीत म्हणून त्याने बटाईने दिली होती. संध्याकाळ रिकामी राहू लागली. मग त्याने टीव्हीला लावायचं गेमचं यंत्र घेतलं, आणि त्यासोबत एक खुर्ची, जी भावाने पाहिली तेव्हा मणक्याच्या डॉक्टरांनी सांगितली म्हणून सांगितलं होतं. प्रेमराजने विचारलं, कसला गेम. योगेंद्र मुलाच्या टाळूकडे बघत म्हणाला की शेतीचा. त्यात त्याची दोनशे एकर जमीन आहे, तीन ट्रॅक्टर आहेत, आणि गव्हाला भाव चांगला आहे.

"पाऊस?" कमलबाईंनी आस्थेने विचारलं.

"वेळेवर, माय."

नववी मूठ पडली. सुपात आता इतके गहू झाले होते की रत्नाने न सांगता दुसरं सूप आणून ठेवलं.

प्रेमराज हे सगळं उभ्याने ऐकत होता. त्याने एकेकाचं नाव घेऊन, आवाज न चढवता म्हटलं की गावात मंदी आहे, कोणी काही घेत नाही, असं हे सगळे त्याला सहा महिने सांगत होते, आणि घेत होते. घेत होते ते घेत होते, पण भावाच्या दुकानातून एक वायरसुद्धा नाही. म्हणून तो दुकान विकत होता. गिऱ्हाईक संपलं असं समजून.

यावर मंदाबाई जे बोलली ते कोणीतरी वीस वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं.

"भाऊ, तुम्ही विकला असता का?"

मंदाबाईने आठवण करून दिली की मागच्या वेळी ती आणि हिलाल पैसे घेऊन, टेम्पो ठरवून त्याच्या दुकानात टीव्ही घ्यायला आले होते. त्याने जुन्या टीव्हीत काय बिघाड आहे ते विचारलं, खिशातून चाळीस रुपयांचा एक सुटा भाग काढून दिला, तो कसा बसवायचा ते कागदावर काढून दिलं आणि चहा पाजून दोघांना धुळ्याच्या गाडीत बसवून दिलं. टेम्पोवाल्याला भाडं फुकट द्यावं लागलं. सगळं जळगाव हे सांगतं, मंदाबाई म्हणाली. प्रेमराजभाऊंच्या दुकानात नवीन घ्यायला गेलेला माणूस जुनं चांगलं आहे हे ऐकून परत येतो. त्यांच्याकडून काही विकत घ्यायचं तर आधी त्यांची परवानगी लागते.

"आनि तुना?" कमलबाईंनी थोरल्याला विचारलं. त्यांची मूठ सुपावर तयार होती.

प्रेमराजला वाटलं होतं की आपल्यावर ही वेळ येणार नाही. दुकानात शेवटचा एक मोठा टीव्ही उरला आहे, तो म्हणाला. तो त्याने शोपीस म्हणून चालू ठेवला होता. त्यावर एक कोरियन मालिका लागली. एका राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीची. एप्रिलमध्ये अमळनेरहून एक माणूस तोच टीव्ही घ्यायला आला, रोख पैसे घेऊन. तेव्हा त्या स्वयंपाकिणीला विषप्रयोगाच्या खोट्या आरोपात अडकवलं होतं.

"मग?" हिलालने विचारलं.

"त्याला म्हटलं, पुढच्या महिन्यात ये."

दहावी मूठ पडली.

*

रत्नाने अकरावी मूठ स्वतःच मागितली. त्याआधी तिने पदराखाली हात घातला, दोन्ही कानांतून हरभऱ्याएवढे दोन पांढरे दाणे काढले आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवले.

कधीपासून, असं प्रेमराजने विचारलं. अक्षयतृतीयेपासून, ती म्हणाली. भावाने वाढदिवसाला पैसे दिले होते, त्याचे घेतले. मंदीचं बोलणं सकाळी सुरू व्हायचं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत चालायचं. तिने वैशाखापर्यंत ऐकलं, मग दाणे घेतले. कानात खुनाच्या गोष्टी लावायच्या आणि समोरचे ओठ हलताना दिसले की मधून मधून मान हलवायची. घरात तिच्या समजूतदारपणाचं जे कौतुक होत होतं, ते अक्षयतृतीयेनंतरचं होतं.

कमलबाईंना अडचण पडली ती दाणे दोन असल्याची. मूठ एक की दोन, यावर त्या योगेंद्रशी सल्लामसलत करू लागल्या. जोडी असली तरी काम एकच, असा निकाल लागत होता. पण प्रेमराज दाण्यांकडे बघत नव्हता. तो महिने मोजत होता.

"मे महिन्यात," तो म्हणाला, "मी तुला विचारलं होतं."

"काय?"

"स्वयंपाकघरात. तू गवार मोडत होतीस. मी म्हटलं, दुकान विकून टाकू का. तू मान हलवलीस."

सुपाशेजारच्या काळ्या डब्याचा दिवा मालवला.

रत्ना आठवू लागली. गवार आठवली. समोर हा उभा होता, तेही आठवलं. चेहरा जरा ओढलेला होता, पण तो मंदी सुरू झाल्यापासून ओढलेलाच होता. आणि कानात काय चाललं होतं ते तर तिला चांगलंच आठवलं.

"खून दिराने केला असणार, असं मला पहिल्यापासून वाटत होतं," ती सावकाश म्हणाली. "तेव्हा तेच निघालं. म्हणून हलवली."

हिलाल आणि योगेंद्र या दोन्ही दिरांनी जमिनीकडे पाहिलं. तसं त्यांना पाहायचं कारण नव्हतं, पण त्यांच्याही लक्षात आलं होतं. वहिनी हो म्हणते, म्हणून त्यांनी हो म्हटलं होतं. भाऊ हो म्हणतात, म्हणून पुना शेठने बयाण्याचं बोलणं केलं होतं. एक्केचाळीस वर्षांचं दुकान एका मानेवर विकलं जात होतं, आणि ती मान खुनाच्या तपासावर हलली होती. शिवाय दोघांनी तो फोन इतक्या घाईने का ठेवला हेही आता सगळ्यांना कळलं होतं. दुकानाचा विषय लांबला असता तर भावाने विचारलं असतं, तुम्ही शेवटचं काय घेतलंत माझ्याकडून.

प्रेमराजने खिशातला कागद काढला. तो उलगडला नाही, नुसता धरून ठेवला. मग सबंध घरादेखत, गवार नसताना, दाणे नसताना, त्याने बायकोला पुन्हा विचारलं.

"विकू का?"

रत्नाने मान हलवली नाही. उभीही नाही, आडवीही नाही. ती त्या मानेबद्दल आता फार सावध झाली होती. तिने तळहातावरचा एक दाणा उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"हा डावा आठ दिवसांपासून खरखर करतो," ती म्हणाली. "ज्यांच्याकडून घेतला ते फोन उचलत नाहीत. आधी हा नीट करून द्या. मग सांगते."

प्रेमराजने दाणा घेतला. चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ नेला, नखाने जाळी तपासली, फुंकर मारली. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं की हा चांगला आहे, नवीन घ्यायची गरज नाही, नुसता कानातला मळ आहे. रत्नाने ते चारचौघांत ऐकून घेतलं.

हिलालने हे पाहिलं आणि जरा पुढे सरकला. त्यांच्या पंचावन्न इंचीतले लोक होळीपासून तामिळ बोलतात, तो म्हणाला. बटणं सगळी दाबून झाली. धुळ्यात कोणाला दाखवायची सोय नाही, कारण धुळ्यातही मंदी असल्याचं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. योगेंद्रचं यंत्र तापून बंद पडतं, नेमकं कापणीच्या वेळी.

प्रेमराज तिघांचं ऐकत होता, आणि त्याच्या हाताची बोटं आपोआप स्क्रू काढल्यासारखी हलत होती.

*

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ चढली, बायकांनी गाणी म्हटली, डब्याने सांगितलेला हलका पाऊस आला. सोमवारी बायका डोक्यावर कानबाई घेऊन, वाजतगाजत मेहरूणच्या तलावावर जाऊन आल्या आणि घरात रोटांची पंगत बसली.

अकरा मुठींचे रोट सहा पुरुष, योगेंद्रच्या बायकोला धरून चार बायका आणि एक आजी, त्यातही दोन पुरुष सुरतेला आणि एक बिनदाताचा, यांच्यात संपणं शक्य नव्हतं. आणि संपल्याशिवाय उठता येत नाही. रोट बाहेरच्याला द्यायचा नाही, ताटात हात धुतलेलं पाणीसुद्धा घराबाहेर सांडायचं नाही. डबा, टीव्ही, यंत्र आणि दाणे यांच्या वाटणीचं ज्याने त्याने खायचं, असा कमलबाईंचा निवाडा होता. हिलाल स्वतःचा रोट खाऊन टीव्हीच्या रोटाला लागला होता आणि त्याला घाम येत होता. मेघा आपल्या डब्याचा रोट तुपाशी खाताना हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा, असं रत्नाला वाटलं. रत्नाचे दोन्ही कान उघडे होते, त्यामुळे तिला ते ऐकूही आलं.

साडेबाराला पुना शेठ आला. परका माणूस रोटाच्या पंगतीत चालत नाही, म्हणून त्याला बाहेर ओट्यावर खुर्ची आणि चहा दिला. हात धुऊन प्रेमराज बाहेर आला आणि त्याच्यासमोर बसला. आत पंगतीत चावण्याचे आवाज थांबले.

पुना शेठने चहा पाहिला, प्यायला, आणि व्यवसायाने चहावाला असूनही काही बोलला नाही. कागद झाला का, असं त्याने विचारलं. प्रेमराजने कागद खिशातून काढून मांडीवर ठेवला. खाली सह्यांच्या तिन्ही जागा कोऱ्या होत्या. पुना शेठने तो पाहिला. त्याने घाई केली नाही, उलट त्याला जरा हलकं वाटल्यासारखं दिसलं. तो उठून स्कूटरपाशी गेला, डिक्की उघडली, आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, रस्त्यावर दोन्हीकडे पाहून, परत आला.

"भाऊ, एक काम व्हतं," तो हळू आवाजात म्हणाला. "दुकान बंद व्हवाना पहिले."

टॉवेलात काळा गोल डबा होता. मेघाच्या डब्याचा सख्खा भाऊ. पुना शेठने तो दिवाळीआधी घेतला होता, घरात कोणाला किंमत न सांगता. आता तो त्याच्याशी बोलत नव्हता. गाणं लाव म्हटलं तर गप्प. दिवा लाव म्हटलं तर गप्प. बायकोने नुसतं 'अय' म्हटलं की लगेच हजर. शेठने आवाज बारीक करून पाहिला होता, त्याचा उपयोग झाला नव्हता. कोणाला दाखवायचा म्हटलं तर गावभर होईल की चहावाल्याकडे पैसा आहे.

प्रेमराजने चष्मा कपाळावर चढवला. डबा उलटा केला, खालचा रबर नखाने उचलून पाहिला, कानाशी नेऊन हलवला. आत पंगतीत कमलबाईंनी दाराच्या फटीतून डोकावलं, ओट्यावर कोण बसलंय ते पाहिलं, आणि हा भाऊबंद नाही, याची मूठ घेता येत नाही, असं सगळ्यांना सांगून परत जेवायला बसल्या.

"चांगला आहे," प्रेमराज म्हणाला. "नवीन घेऊ नको. ठेवून जा. बुधवारी ये."

"आठे येऊ?" पुना शेठने विचारलं.

प्रेमराज त्याच्याकडे बघत राहिला. वस्तू न्यायला दुकान सोडून घरी येऊ का, असा प्रश्न त्याला एक्केचाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.

"दुकानावर ये," तो म्हणाला.

मग सवयीप्रमाणे वस्तूला चिठ्ठी बांधायला त्याने कागद शोधला. हाताशी एकच होता. त्याने स्टॅम्प पेपरची खालची पट्टी, जिथे तीन सह्यांच्या जागा होत्या ती, फाडली, तिच्यावर पेनने लिहिलं आणि रबरबँडने डब्याला बांधली:

पुना शेठ. बोलतो. फक्त बायकोचं ऐकतो. बुधवार.